नळी शाबूत होती

काचबिंदूसाठी अहमद व्हॉल्व्ह (डोळ्यातलं जादा पाणी नळीतून बाहेरच्या प्लेटकडे नेणारं छोटं उपकरण) बसवलेला डोळा लाल होऊन परत आला, की आमची नजर आधी नळीवर जाते. वरचं आवरण झिजून ती उघडी पडली असेल, तर जंतूंना थेट डोळ्यात वाट मिळते.

त्या दिवशी आलेल्या काकूंच्या शस्त्रक्रियेला दीडेक महिना झाला होता. डोळा लाल, सारखं पाणी, उजेड नकोसा. "नळीच बाधली मला. काढून टाका," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या.

नळी जागेवर, शाबूत. आत पू नाही. सहकारी दाब मोजण्यासाठी बधिर करणारा थेंब टाकणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. एवढ्या लाल डोळ्याच्या मानाने काकू दुखण्याबद्दल फारसं बोलत नव्हत्या, ते खटकत होतं. कापसाचं टोक ओढून बारीक केलं आणि कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, हलकेच टेकवलं. चांगल्या डोळ्याची पापणी झटकन मिटली, या डोळ्याची जेमतेम हलली. आधी थेंब पडला असता तर दोन्ही डोळे सारखेच गप्प राहिले असते.

मग फ्लुरोसीन हा रंग आणि निळा प्रकाश. हिरवी, फांद्या फुटलेली रेघ, टोकांना गाठी. हर्पीस सिम्प्लेक्स, कॉर्नियाची संवेदना बोथट करणारा विषाणू! डोळ्याचा दाब 34, बराच जास्त.

"पूर्वी या डोळ्याला काही झालं होतं?"

"लग्नाआधी फूल पडलं होतं. त्याचं आता काय?"

त्याचंच तर सगळं होतं. हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून राहतो. शस्त्रक्रियेचा ताण आणि वर सूज दाबणारे स्टेरॉइडचे थेंब, त्याला आयतंच फावलं. पण स्टेरॉइड आम्ही हौसेने देत नाही. ते लवकर कमी केलं तर व्हॉल्व्हच्या प्लेटभोवतीचा कोष जाड होतो, पाणी झिरपेनासं होतं. सहकाऱ्याचा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. तरी मी स्टेरॉइड भराभर उतरवलं. असायक्लोविर या विषाणूरोधक औषधाचं 3 टक्के मलम दिवसातून 5 वेळा, सोबत गोळ्या. दाब कमी करणारं लॅटानोप्रोस्ट हर्पीसला चेतवतं असा संशय असल्याने तेही बंद करून दाबासाठी दुसरे थेंब दिले.

त्या रेघेचा व्रण भरला. आतली सूज ओसरली तसा दाबही 17 वर आला. हर्पीस पुन्हा उठू नये म्हणून असायक्लोविरची 400 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, वर्षभर. हे ऐकून काकू नळीपेक्षा माझ्यावर जास्त चिडल्या. कोष मात्र थोडा जाड झालाच. दाबाचे थेंब अजून सुटलेले नाहीत, आणि सहकारी दर तपासणीला तो कोष मला आवर्जून दाखवतो.