रंकाळ्यावर वायफाय, पण मोजून

काड्या सगळ्या दाखवतोय, वर फाइव्ह जी पण लिहून आलंय, आणि पैसे काय जाईनात. चैत्रात जोतिबाला जाऊन आलेल्याला हे वेगळं सांगायला नको. नारळवाला आपल्याकडं बघतोय, आपण मोबाईलवरच्या त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघतोय, मागचा म्हणतोय चला की ओ पुढं. मग सगळे म्हणतात कंपनी बोगस. कंपनीची वकिली करायची मला काय हौस नाही पण काड्यांचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपर्यंत टॉवरचा सिग्नल नीट पोचतोय, त्याच टॉवरवर अजून किती फोन लोंबकळलेत ते काड्यांत कुठंच दिसत नाही. टॉवरची डेटा द्यायची ताकद ठरलेली, गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर, आणि तेवढ्यात यूपीआयचा टाइमआउट होऊन मोकळा. कुंभमेळ्यासारख्या मोठ्या गर्दीला कंपन्या चाकावरचे टॉवर आणून उभे करतात ते त्याचसाठी. आमच्यासारख्यांच्या शनिवार-रविवारच्या कार्यक्रमाला कोण आणतंय.

तर विषय असा की फेब्रुवारीत पाणथळ दिनाला धरून (२ फेब्रुवारी, १९७१ साली त्या तारखेला इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला म्हणून) कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या काठावर आमच्या ओळखीच्या मंडळींनी पर्यावरणाची एक छोटी जत्रा भरवली. शाडूच्या मातीचं काम, कंपोस्ट, देशी बियाणं, केंदाळापासून काय काय बनवतात ते, सकाळी पक्षीनिरीक्षण, आणि बचत गटांचे स्टॉल. मी नेटवर्किंगची कामं करतो, कॅमेरे बसवतो, सोसायट्यांत इंटरनेट ओढून देतो, त्यामुळं साहजिकच फोन मला आला. म्हणे सगळ्यांना फुकट वायफाय द्यायचंय, पोस्टरवर छापतोय.

मी म्हटलं छापू नका.

मीटिंगला एक रिटायर्ड प्राध्यापक होते, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, ते एकदम दुसऱ्या टोकाला. "लोकांना तळ्याकाठी आणायचं आणि परत मोबाईलात घालायचं, असली कसली जत्रा रे तुमची?" अर्धं मला पटलं. पोरं रील टाकायला येणार आणि त्यांच्या रीलसाठी मी खांब उभे करणार, हे माझ्याही डोक्यात बसत नव्हतं. पण सर घरनं रोख पैसे घेऊन फिरणाऱ्यांतले आहेत, बाकी गाव आता तसं राहिलेलं नाही. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडनं ज्या बायका येणार होत्या, नाचणीचे पापड, मध, घनसाळ तांदूळ घेऊन, त्यांचं निम्म्याच्या वर गिऱ्हाईक खिशात पन्नासची नोट पण ठेवत नाही. संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर नेट बसलं की त्यांचा धंदा बसला. एवढ्या लांबनं टेम्पोभाडं देऊन आलेल्या बाईला "मावशी, नेट नाही, नंतर येतो" हे ऐकवायचं, आणि नंतर कोण येतंय?

म्हणून ठरवलं असं की नेट द्यायचं ते स्टॉलच्या रांगेपुरतं, आणि त्यात पहिला मान व्यवहाराचा. काठावरनं चालायचा जो पट्टा, जिथं पक्षीवाले दुर्बिणी घेऊन उभे राहतात, तिकडं मुद्दाम काही द्यायचं नाही. सर खूष, मी पण खूष. पोस्टरवाला पोरगा थोडा नाराज झाला, त्याचं डिझाइन झालं होतं.

आता नेट आणायचं कुठनं. सिमवाला राउटर लावला तर तोही त्याच टॉवरच्या रांगेत उभा राहणार, सगळ्यांसारखाच अडकणार, त्यामुळं सिम फक्त बॅकअपला ठेवली, ती पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. मेन लाईन आणली पाण्यावरनं. तळ्याच्या पलीकडं एका मित्राचं तीन मजली घर, घरात फायबर, गच्चीवरनं जत्रेची जागा सरळ दिसते. गच्चीवर एक डिश, आमच्या गाडीवर एक डिश, ५.८ गिगाहर्ट्झवर समोरासमोर. अंतर आठशे मीटरच्या आसपास, या डिशांना ते काहीच नाही. मधे झाड नाही, बिल्डिंग नाही, नुसतं पाणी. ऐकायला सोपं वाटतं पण पाण्याचा एक त्रास असतो, सिग्नल पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून उडतो आणि सरळ आलेल्या सिग्नलमध्ये येऊन मिसळतो, कधी भर घालतो कधी काट मारतो. शिवाय नुसतं डोळ्याला दिसलं म्हणजे लाईन मोकळी असं नसतं. दोन डिशांच्या मधे सिग्नलला फुगीर जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात त्याला, एवढ्या अंतराला आणि एवढ्या फ्रिक्वेन्सीला बरोबर मधोमध ती वरखाली तीन-सव्वातीन मीटर भरते. म्हणजे आपल्या बाजूची डिश टेबलावर ठेवून चालत नाही, वर न्यायलाच लागते.

त्यासाठी छोटा हत्ती घेतला भाड्यानं. हौद्यात दोन इंची जीआय पाइप उभा केला, बुडाला वाळूची पोती, तीन बाजूंनी दोरीचे ताण. झाडाला काहीही बांधायचं नाही आणि खिळा तर अजिबात नाही, हे आधीच ठरलेलं, झाडांचे खिळे काढत फिरणारी पोरंच तिथं व्हॉलंटिअर होती, त्यांच्यासमोर खिळा ठोकला असता तर पायपुसणं केलं असतं माझं. केबल बांधायला प्लॅस्टिकचे टाय पण नको म्हणाले, सुतळी वापरा. वापरली. सुतळी सोडायला जो वेळ गेला त्यावर मी काही बोलत नाही.

शनिवारी सकाळी एक पाणकावळा येऊन बरोबर त्या पाइपवर पंख पसरून वाळवत बसला. लिंकला काही झालं नाही, पण पाइपखाली पक्ष्यांपेक्षा मोबाईल काढणाऱ्यांची गर्दी जास्त झाली.

वीज. मंडपवाल्यानं आल्या आल्या विचारलं, जनरेटर कुठं लावू. पर्यावरणाच्या जत्रेत डिझेलचा धूर सोडायचा म्हणजे पत्रकारांना आयती बातमी. आणि गरज पण नव्हती. दोन्ही सिमवाला राउटर, स्विच, डिश आणि तीन बाहेरचे ॲक्सेस पॉइंट (लोकांच्या फोनला वायफाय देणारे) मिळून पन्नास वॉटच्या आसपास खातात, म्हणजे बारा तास चालवलं तरी सहाशे वॉट-अवर, आपल्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिटसुद्धा नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी याच्या दुप्पट साठवते. गाडीच्या टपावर ३३० वॉटचं पॅनेल टाकलं, फेब्रुवारीचं कोल्हापुरी ऊन, दुपारपर्यंत बॅटरी परत भरलेली. एक गोष्ट मात्र करा, इन्व्हर्टर लावू नका. बॅटरीच्या डीसीचं एसी करायचं आणि परत ॲडाप्टरनं डीसी करायचं, प्रत्येक वेळी थोडी वीज गरम होऊन जाते, आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहायला पण खातो. आम्ही १२ चे २४ करणारा छोटा कन्व्हर्टर लावला आणि लॅनच्या केबलमधनंच सगळ्यांना वीज दिली. मंडपवाला येऊन दोनदा वाकून बघून गेला, आवाज येत नाही म्हणजे बंदच असणार अशी त्याची खात्री.

वायफायचं आता. उघड्या मैदानात लोकांना वाटतं भिंती नाहीत म्हणजे सिग्नल लांब जाणार. जातो, पण माणसं आली की अडतो. माणूस म्हणजे बहुतेक पाणी, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडला पाणी चालत नाही. त्यामुळं ॲक्सेस पॉइंट डोक्याच्या बरेच वर, चार-साडेचार मीटरवर, तोंड खाली स्टॉलच्या रांगेकडं. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, त्यात आजूबाजूच्या घरांचे राउटर, लोकांचे हॉटस्पॉट. म्हणून स्टॉलवाल्यांना पाच गिगाहर्ट्झच्या बँडवर वेगळं नाव दिलं, पब्लिकला वेगळं. अजून एक, आपल्याकडं फोर जीचा एक बँड २३०० ते २४०० मेगाहर्ट्झमध्ये आहे, वायफायच्या अगदी शेजारी, त्यामुळं सिमवाल्या राउटरचा अँटेना आणि वायफायचा अँटेना एकाच पाइपवर गळ्यात गळे घालून ठेवला तर दोघेही बहिरे होतात. एक गाडीच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या, एवढ्यानं पण फरक पडतो.

आणि वाटणी. पाणी संस्थेची पाळी ज्यानं बघितलीय त्याला बँडविड्थ शिकवायला लागत नाही: वरच्यांनी मोटारी चालू सोडून दिल्या की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून वेळ ठरवून, दार पाडून पाणी द्यायचं. पब्लिकच्या प्रत्येक फोनला अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास मर्यादा घातली, फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप आणि ॲपचे अपडेट अडवले, आणि पेमेंटची ट्रॅफिक सगळ्यांच्या पुढं. यूपीआयला डेटा लागतोच किती, काही केबी, पण ते वेळेत लागतात. १, २, ५.५, ११ एमबीपीएस हे वायफायचे जुने हळू रेट पण बंद केले, कारण लांबनं रखडत जोडलेला एक फोन हवेतला एवढा वेळ खातो की जवळचे दहा फोन त्याच्यामागं थांबतात. आणि नुसते चालत जाणारे फोन सुद्धा जोडले जाऊन आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, अडवून बसतात, साध्या सेटिंगला अडीचशेच पत्ते असतात, गर्दीत ते तासाभरात संपतात आणि मग "कनेक्ट होईना" म्हणून बोंब. आम्ही हजारभर पत्त्यांची रेंज ठेवली आणि वीस मिनिटांनी पत्ता परत घ्यायचा.

वायफाय जोडताना ओटीपी मागायलाच लागतो, काहींना त्याचा राग येतो. २००८ साली कुणाच्या तरी उघड्या वायफायवरनं धमकीचे ईमेल गेले होते, तेव्हापासून हे कडक झालं, कोण वापरतंय त्याची नोंद लागते. २०२० च्या डिसेंबरमध्ये पीएम-वाणी योजना आली, त्यात टपरीवाल्यालाही लायसन्स न काढता वायफाय देता येतं, पण ती नोंद तिथंही आहेच. आमचं सगळं मित्राच्या घरी फायबर देणाऱ्या लायसन्सवाल्या प्रोव्हायडरच्या नावावर, त्याचंच लॉगिनचं पान, त्याचेच लॉग. त्यानं एका शब्दावर हो म्हटलं, बदल्यात स्टॉलवरचा मध घेऊन गेला.

खरी मजा शनिवारी दुपारी. एक मावशी येऊन गाडीला टेकून उभ्या. "ओ दादा, पैसे आल्यालं ही डबी बोलंना झालीया. मी मघापासनं तिलाच कान लावून बसलोय." बघितलं तर पैसे जमा, ॲपात दिसतायत, पण ती बोलकी डबी गप्प. त्या डबीत स्वतःचं सिम असतं, बऱ्याच डब्यांना वायफाय जोडताच येत नाही, म्हणजे आमचं कितीही भारी नेट असलं तरी तिला काय त्याचं. शेवटी दोन गोष्टी केल्या. गिऱ्हाईकाचा फोन वायफायवर असला की पैसे सुटतात म्हणून प्रत्येक स्टॉलवर क्यूआरच्या शेजारीच वायफायचं नाव मोठ्या अक्षरात लिहून लावलं. आणि बायकांच्या फोनवर पेमेंटच्या ॲपचा आवाज फुल्ल करून दिला, फोन पाचच्या बँडवर, डबी गेली तिच्या वाटेनं. संध्याकाळी रांगेत नुसता फोनांचा "प्राप्त झाले, प्राप्त झाले" असा कालवा. मावशींनी मला नाचणीचा पापड भाजून दिला, पैसे घ्यायला तयार नाहीत, मग मीच क्यूआरवर टाकले आणि त्यांच्याच फोननं ओरडून सांगितल्यावर त्या मला बडबडल्या.

पक्षीवाल्यांना नेटच नको होतं हे मला नवीन. त्यांची यादी करायची ॲपं नेटशिवाय चालतात, घरी जाऊन अपलोड करतात, आवाजावरनं पक्षी ओळखायचं पॅक पण आधीच उतरवून ठेवलेलं. त्यांना पाहिजे होती ती माहिती, कुठला कार्यक्रम कधी, कुठलं झाड कुठं. ते सगळं एका रास्पबेरी पायवर (तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) टाकून गाडीतच ठेवलं, लोकांनी वायफाय जोडलं की पहिलं पान तेच, त्याला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात हुशार काम ते आणि खर्च सगळ्यात कमी.

रविवारी संध्याकाळी रंकाळा कसा असतो ते कोल्हापूरकरांना माहितीय, भेळेच्या गाड्यांपासनं पार रस्त्यापर्यंत माणूस. सहाच्या पुढं माझ्या स्वतःच्या सिमवर नुसतं चक्र. आमच्या लिंकवर मात्र निम्मी बँडविड्थ शिल्लक, कारण कुणालाच जास्त घेऊ दिली नाही. एक पोरगा तावातावानं आला, रील अपलोड होईना. त्याला सांगितलं, भावा, काठावरनं जाऊन सूर्यास्त बघून ये, रात्री घरी टाक. गेला की नाही माहीत नाही, शिवी मात्र हळू आवाजात दिली.

खर्चाचा विचाराल तर गाडीभाडं आणि पाइप सोडले तर बाकी सगळं सामान माझ्या कामाचंच, परत गोडाऊनला. पुढच्या वर्षी हा खर्च स्टॉलच्या भाड्यात धरायचा का यावर ग्रुपवर अजून जुंपलीय. मी म्हणतोय धरू नका, जेवणाच्या स्टॉलवाल्यांकडनं थोडं जास्त घ्या, ते सगळ्यात जास्त कमावतात, आणि पापड-मधवाल्या बायकांना फुकट राहू दे. सर पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले. जेवणवाल्यांचं उत्तर अजून यायचंय.