परीटघडी

शेतात विमान अंगावर येतं, माणूस जीव खाऊन पळतो, मातीत पालथा पडतो, वरून पिकावरच्या औषधाची भुकटी बसते. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधला (१९५९) हा प्रसंग लोकांना विमानासाठी आठवतो. पाहावा तो कोटासाठी. दिग्दर्शक हिचकॉकने नायक कॅरी ग्रँटला जवळजवळ सबंध सिनेमाभर एकाच राखाडी सुटात ठेवलंय. टायही राखाडीच.

धूळभरल्या अवस्थेत तो शिकागोच्या हॉटेलात पोचतो. नायिका त्याचा सूट पुसून, इस्त्री करून आणायला पाठवते. हॉटेलचा माणूस सांगतो, वीस मिनिटं. हे वाक्य ऐकून कुठलाही जाणता परीट हसेल.

लोकरीच्या कापडावरची धूळ आधी कोरड्या ब्रशने, लवेच्या दिशेने, वरून खाली झटकायची. ओला बोळा आधी फिरवला की धुळीचा चिखल होतो आणि तो विणीत जाऊन बसतो. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायचं. इस्त्री मध्यम, मध्ये ओलसर सुती कापड, आणि इस्त्री ठेवायची-उचलायची. सुती सदऱ्यावर ओढतो तशी ओढायची नाही, ओढली की कापड ताणतं. मधलं कापड विसरलात तर लव चेपते आणि कोपरावर, बसायच्या जागी चकाकी येते. ती सहजासहजी जात नाही. कॉलरची पुढची पट्टी नुसती कडेला दाबायची, वळण मोकळं सोडायचं, नाहीतर कोट पाकिटासारखा दिसतो. एवढं झालं की हँगरवर पूर्ण निवू द्यायचं. गरम पँट घातली की गुडघ्याला लगेच पोटं येतात. हे निवणंच वीस मिनिटांत बसत नाही.

गंमत अशी की ग्रँटचे वडील हेच काम करत. इलायस लीच इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होते. मुलाचं नाव आर्चिबाल्ड, जन्म १९०४ चा. चार हलके सूट घेण्यापेक्षा एक चांगला घ्यावा, हा बापाचा धडा मुलाने जन्मभर पाळला. कॅरी ग्रँट हे नाव १९३१-३२च्या सुमारास पॅरामाउंट स्टुडिओत आल्यावर मिळालं.

पण नुसत्या इस्त्रीने कोट पडण्यातून वाचत नाही. आर्ची शाळेतून काढला गेला आणि बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या मेळ्यात शिरला. तिथे कोलांट्या, मूकाभिनय, उंच काठ्यांवर चालणं. १९२० मध्ये मेळा न्यूयॉर्कला गेला, आणि पुढे पोटासाठी हा पोरगा कोनी आयलंडवर काठ्यांवर चढून जाहिरात करत फिरला. पडणं हा त्याचा शिकलेला धंदा होता. शेतात झोकून देताना ग्रँट पंचावन्नच्या घरात होता, हे पाहताना ध्यानातही येत नाही. (त्याच सिनेमात त्याची आई झालेली नटी त्याच्यापेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी होती.)

शिवणाऱ्याचाही यात वाटा असतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, काखेलगत कापला असेल तर हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. ऐसपैस वाटावा म्हणून मुंढा खाली उतरवला, की प्रत्येक हालचालीत अख्खा कोट वर चढतो आणि कॉलर मानेपासून सुटते. ग्रँट पळताना विमानाकडे न बघता कॉलरकडे बघावं.

कारकिर्दीतही त्याने आपले हात असेच मोकळे ठेवले. बाकीचे तारे वर्षानुवर्षं एकेका स्टुडिओला बांधलेले असताना हा १९३७ च्या सुमारास बाहेर पडला आणि आपले सिनेमे आपण निवडू लागला. स्टुडिओची पाठराखण नसल्याचा फटका त्याला ऑस्करमध्ये बसला, असं बरेच जण मानतात. दोनदा नामांकन झालं, बाहुली मिळाली ती १९७० मध्ये, मानाची म्हणून.

त्याच्या शेवटच्या सिनेमाचं, 'वॉक, डोन्ट रन'चं (१९६६) कथानक टोकियो ऑलिंपिकच्या दिवसांतलं. त्यात तो भर रस्त्यात कपडे उतरवतो आणि चड्डी-बनियनवर चालण्याच्या शर्यतीत घुसतो.