‘या अटीवर’ की ‘या विश्वासाने’?

फिलाडेल्फियात १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या, तरी अमेरिकेची राज्यघटना तोवर नुसता मसुदाच होती. ती लागू व्हायला १३ पैकी ९ राज्यांच्या खास अधिवेशनांची मंजुरी हवी होती. नऊचा आकडा विचार करूनच ठरवलेला. तोवर राज्यांना एकत्र बांधणाऱ्या जुन्या महासंघाच्या करारात बदल करायला तेराही विधिमंडळांचा होकार लागे, आणि ऱ्होड आयलंडने तर फिलाडेल्फियाला प्रतिनिधीच पाठवले नव्हते.

डेलावेअर, न्यू जर्सी आणि जॉर्जियात एकमताने मंजुरी मिळाली. खरी झुंज मॅसॅच्युसेट्समध्ये झाली. नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे, हा विरोधकांचा सवाल रास्तच होता. त्यात मसुदा घ्यायचा तर अख्खा, नाहीतर नाकारायचा, अशी कोंडी. शेवटी राज्याचे गव्हर्नर आणि अधिवेशनाचे अध्यक्ष जॉन हँकॉक यांनी तोडगा मांडला: मंजुरी आताच द्यायची, सोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. १८७ विरुद्ध १६८. दहा मतं फिरली असती तर सगळं संपलं असतं.

शिफारस आणि अट यांतला फरक किरकोळ वाटतो, पण सगळा वाद त्यावरच अडला होता. इतर राज्यांनी बिनशर्त मान्य केलेल्या मसुद्याला एकाने अट घातली, तर दोघांनी एकच गोष्ट मंजूर केली असं म्हणताच येत नाही.

न्यूयॉर्कच्या अधिवेशनात हे अगदी उघड दिसतं. पकिप्सी गावी भरलेल्या या अधिवेशनात ४६ विरोधक आणि अवघे १९ समर्थक निवडून आले होते. अधिवेशन चालू असतानाच नववं राज्य न्यू हॅम्पशायर, पाठोपाठ व्हर्जिनिया (८९–७९) यांच्या मंजुरीच्या बातम्या येऊन थडकल्या. नवं सरकार आता होणारच होतं. प्रश्न उरला तो आत जायचं की बाहेर राहायचं, एवढाच. सशर्त मंजुरी ही मंजुरीच नव्हे, असं व्हर्जिनियातले घटनेचे समर्थक जेम्स मॅडिसन यांनी न्यूयॉर्कमधल्या समर्थकांचे नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांना कळवलं. मग ठरावातले ‘या अटीवर’ हे शब्द काढून तिथे ‘पूर्ण विश्वासाने’ घातले गेले. मेलँक्टन स्मिथसारखे कडवे विरोधकही त्या बाजूला वळले आणि २६ जुलै १७८८ला ठराव ३० विरुद्ध २७ मतांनी पार पडला. स्मिथ यांना यासाठी फितूर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

नॉर्थ कॅरोलायना मात्र हक्कांच्या सनदेसाठी अडून बसलं. १७८९च्या सप्टेंबरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, तेव्हा कुठे नोव्हेंबरात त्याने होकार दिला.