तुम्ही विचारलंत म्हणून: औषधकंपनीची वरची माणसं कशी पारखायची?

औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं काम. त्यामुळे एक प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. फार्मसी नाहीतर बायोटेक शिकून बाहेर पडलेली मुलं विचारतात, ‘ताई, या कंपनीत नोकरी मिळतेय, पण वरची मंडळी कशी आहेत हे कसं कळणार?’ आणि ज्यांच्या घरातल्या रुग्णाला डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सुचवलंय, ते विचारतात, ‘ही कंपनी चालवणारे लोक भरवशाचे आहेत का?’

त्या मंडळींनी आजवर काय काय थांबवलं, हे मी सर्वांत आधी बघते. त्यांनी बाजारात काय आणलं, ते नंतर.

पुष्कळांना याचं नवल वाटतं. पण या क्षेत्राचं गणितच तसं आहे. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी, म्हणजे औषध होऊ शकतील अशा पदार्थांपैकी, साधारण नऊ मंजुरीपर्यंत जात नाहीत. जो जातो, त्यालाही शोधापासून दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे वरच्या माणसांची उभी कारकीर्द बहुतांशी अशाच रेणूंच्या संगतीत जाते, जे कधीच औषध होणार नाहीत. त्यातला कोणता, किती लवकर आणि किती कमी रुग्णांना त्रास होऊन सोडून द्यायचा, हा त्यांचा खरा कारभार.

छोट्या कंपनीत ही मंडळी जेमतेम पाच-सहा असतात. सीईओ. संशोधनप्रमुख, ज्याने बहुधा तो रेणू स्वतःच्या हातांनी वाढवलेला असतो आणि ज्याचा त्या रेणूवर जीव असतो. चीफ मेडिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर. गोळी घेणाऱ्याला काही झालं तर उत्तर द्यायचं ते यांनी. पैशांचं बघणारा, ज्याला आणखी किती महिने पगार देता येतील ते तोंडपाठ असतं. नियामक, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या, संस्थांशी बोलणारी व्यक्ती. आणि उत्पादन सांभाळणारी, जिच्याकडे बैठकीत सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. हे मला फार खटकतं. प्रयोगशाळेत काही ग्रॅम केलेला पदार्थ किलोकिलोने करतानाही तोच आणि तितकाच शुद्ध राहतो, हे दाखवता आलं नाही, तर उत्तम चाचणीसुद्धा मंजुरीला पुरत नाही.

यातल्या प्रत्येकाकडे पुढे जायचं सबळ कारण असतं. संशोधकाची उमेद असते, गुंतवणूकदारांना दिलेला शब्द असतो, संपत आलेले पैसे असतात. आणि आशेने वाट बघणारे रुग्णही असतात, हे विसरून चालत नाही. ‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या हातात मात्र नुसते आकडे असतात, तेही अर्धवट.

म्हणूनच मला रॉय वॅजेलॉस यांच्याबद्दल आदर वाटतो. ते डॉक्टर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ. १९८० साली मर्क कंपनीच्या संशोधनाची सूत्रं त्यांच्याकडे होती. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या लोवास्टॅटिनच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात कानावर आलं, की सांक्यो या जपानी कंपनीच्या कॉम्पॅक्टिनमुळे कुत्र्यांमध्ये गाठी दिसल्या. रचनेने कॉम्पॅक्टिन लोवास्टॅटिनच्या अगदी जवळचं. बातमी ऐकीव होती, मूळ माहिती हातात नव्हती, तरी मर्कने चाचण्या बंद केल्या. पुढे काही डॉक्टरांनीच, ज्यांचं कोलेस्टेरॉल कशानेच आवरत नव्हतं अशा रुग्णांसाठी ते औषध मागितलं. त्या रुग्णांना गुण आला. प्राण्यांवर दीर्घ अभ्यास झाले, गाठींची भीती त्यांत खरी ठरली नाही, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मंजुरी मिळाली. या गोष्टीत मला दोन्ही टोकं मोलाची वाटतात. ऐकीव बातमीवर थांबायची हिंमत होती, आणि पुरावा बदलल्यावर पुन्हा सुरू करायचीही. (तेव्हा वॅजेलॉस सीईओ झालेले होते. त्याच वर्षी मर्कने रिव्हर ब्लाइंडनेस या आंधळं करणाऱ्या रोगावरचं आयव्हरमेक्टिन लागेल तितकं आणि लागेल तितकी वर्षं फुकट द्यायचं जाहीर केलं. ती माणसंही हीच होती.)

याउलट जे घडतं त्याची आठवण आजही अंगावर येते. १३ मार्च २००६, लंडन. टेजेनेरो या छोट्या जर्मन कंपनीचं टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारं प्रथिन, पहिल्यांदाच माणसांना द्यायचं होतं. माकडांवरच्या चाचण्यांत काही भयंकर दिसलं नव्हतं. परवानगी रीतसर होती. सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ एक मात्रा दिली गेली. थोड्याच वेळात सहाही जण तडफडू लागले आणि शरीराचे अवयव निकामी होत अतिदक्षता विभागात पोचले. जीव वाचले, पण एकाची हातापायांची बोटं गेली. कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. चौकशी समितीने नंतर सुचवलं, की अशा औषधात पहिल्या माणसाला मात्रा देऊन थांबावं, बघावं, मग दुसऱ्याकडे जावं. आज हे बहुतेक ठिकाणी पाळलं जातं. मला राहून राहून वाटतं, की ‘पहिल्याला काय होतंय ते बघू, मग पुढच्याचं’ हे म्हणायला वेगळं शास्त्र लागत नव्हतं. निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती ते म्हणणारं आणि ज्याचं म्हणणं टाळता येणार नाही असं कुणीतरी हवं होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी फायझरचं टॉर्सेट्रॅपिब हे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढवणारं औषध थांबलं. सुमारे १५,००० रुग्णांची चाचणी, जवळपास ८० कोटी डॉलर खर्च झालेले. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला दिसलं, की औषध घेणाऱ्यांत ८२ मृत्यू आहेत आणि न घेणाऱ्यांत ५१. २ डिसेंबरला, शनिवारी, समितीने हे कळवलं आणि कंपनीने त्याच दिवशी औषध बंद केल्याचं जाहीर केलं. औषध फसलं याचं दुःख आहेच. पण अशी समिती नेमायची, तिला आपल्यालाही न दिसणारे आकडे बघू द्यायचे आणि तिने सांगितल्यावर वाद घालत बसायचं नाही, हे नेतृत्वानेच आधी कबूल केलेलं असावं लागतं.

वाईट बातमी वर पोचते की खालीच मुरते, हे मात्र बरंचसं बक्षिसांवर ठरतं. अॅस्ट्राझेनेकाने २०१४ मध्ये आपल्याच फसलेल्या प्रकल्पांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. किती रेणू पुढच्या टप्प्यात ढकलले यावर संघांचं मोल ठरत होतं, म्हणून माणसं शंका असलेलेही रेणू पुढे ढकलत होती. त्यांनी मोजमाप बदललं: लक्ष्य योग्य आहे का, औषध हव्या त्या ऊतीत पोचतं का, सुरक्षित आहे का, रुग्ण नीट निवडलेत का. निवडलेल्या रेणूंपैकी चाचण्यांचा तिसरा, म्हणजे पुष्कळ रुग्णांवरचा, टप्पा यशस्वीपणे पार करणाऱ्यांचं प्रमाण २००५ ते २०१० या काळात ४ टक्के होतं, ते २०१२ ते २०१६ मध्ये १९ टक्क्यांवर गेलं. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी हे हमखास सांगते. पहिल्या रुग्णाला पहिली मात्रा दिली की बोनस, अशी पद्धत असेल तर तिथे मात्रा लवकर दिली जाईल. ती द्यायला हवी होती का, हे विचारणारा अप्रिय होईल.

मी पाहिलेली एक बैठक सांगते. चाचणीच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं होतं. मग नेहमीचं सुरू झालं: फक्त स्त्रियांचे आकडे काढा, फक्त साठीच्या आतले काढा, कुठेतरी फरक दिसेल. अशी चाळण लावली की योगायोगाने कुठेतरी फरक दिसतोच. तिथल्या मेडिकल ऑफिसर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘रुग्णांनी ज्या प्रश्नासाठी सह्या केल्या होत्या, त्याचं उत्तर त्यांनी आपल्याला दिलंय.’ सीईओ काही वेळ बोलले नाहीत आणि मग त्यांनी प्रकल्प बंद करायला सांगितलं. त्या बाई पुढेही तिथे होत्या, आणखी वरच्या जागेवर. या शेवटच्या गोष्टीवरून मला ती कंपनी कळली.

धीर हाही याच हिशोबातला. लिओनार्ड श्लायफर यांनी १९८८ मध्ये रिजेनेरॉन ही औषधकंपनी काढली, शास्त्रज्ञ जॉर्ज यांकोपोलोस पाठोपाठ आले. १९९०च्या दशकात स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारावरची त्यांची औषधं फसली. पहिलं औषध मंजूर व्हायला २००८ उजाडलं. मधल्या काळात त्यांच्या बोर्डाचं अध्यक्षपद मर्कमधून निवृत्त झालेल्या वॅजेलॉस यांनी घेतलं होतं. तेव्हा कुठल्या कंपनीच्या बोर्डावर शास्त्र जाणणारी किती माणसं आहेत, हेही बघावं.

तर मुलांनो, मुलाखतीत विचारा: मागच्या काही वर्षांत तुम्ही कोणता प्रकल्प बंद केलात? तो बंद करा असं पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि ती व्यक्ती आज कुठे आहे? सुरक्षितता बघणाऱ्या डॉक्टरला सीईओला वगळून थेट बोर्डाकडे जाता येतं का, हेही विचारा. उत्तर देताना माणसं एकमेकांकडे बघू लागली, तर ते लक्षात ठेवा.

आणि ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना एवढंच सांगेन, की वरच्या माणसांशी तुमची गाठ पडणार नाही, पण त्यांचे निर्णय संमतीपत्रात उतरलेले असतात. स्वतंत्र देखरेख समिती आहे का, चाचणी कोणत्या परिस्थितीत थांबवतील, मध्येच काही नवा धोका कळला तर तुम्हाला कोण आणि किती दिवसांत सांगेल, त्रास झाला तर उपचारांचा खर्च कोणाचा, निकाल वाईट आला तरी प्रसिद्ध करणार का, हे चाचणीच्या डॉक्टरांना विचारा. कारण न देता केव्हाही बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहेच. संमतीपत्र घरी आणा, निवांत वाचा, न समजलेल्या ओळींखाली रेघ मारा आणि त्या ओळी समजल्यावरच सही करा.