वीजदराविरुद्धची हरकत: एका यंत्रमागधारकाचा अनुभव

इचलकरंजीत माझे आठ माग आहेत. मी खर्चीवाला आहे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, मला मिळते ती पिकावरची, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवरची मजुरी, आणि विजेचे बिल मात्र माझे. दरवाढ झाली की ती मलाच सोसावी लागते. म्हणून वीज वितरण कंपनीच्या दरयाचिकेवर, म्हणजे नव्या दरांच्या मागणी अर्जावर, हरकती मागवणारी जाहीर सूचना वाचल्यावर गल्लीतल्या कारखानदारांना मी एकत्र बसवले.

वर्गणी सगळ्यांनी दिली नाही. दर उतरला तर न देणाऱ्यालाही तो मिळणारच होता, हे त्यांनाही कळत होते. त्यांच्याकडून आम्ही जुनी बिले तेवढी मागितली आणि ती मिळाली.

वीज कायदा, 2003 च्या कलम 64 प्रमाणे लोकांच्या हरकती विचारात घेऊन वीज नियामक आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पहिल्या मसुद्यात आम्ही केवळ आमचे हाल लिहिले होते. वीजग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका जाणत्या कार्यकर्त्याने तो परत केला आणि कलम 62 दाखवले: ग्राहकांच्या दरांत फरक करायचा तो भारांक (कमाल मागणीच्या मानाने सरासरी वापर), एकूण वापर, पुरवठ्याचे स्वरूप व प्रयोजन अशा कसोट्यांवर. मग बिलांतून स्थिर आकार, वहन आकार आणि वीज आकार वेगळे काढून मीटरभर कापडामागे विजेचा खर्च किती, हे आम्ही मांडले. या कामात कितीतरी रात्री गेल्या.

सुनावणीत माझ्याआधी मोठ्या उद्योगांचे सल्लागार बोलले. क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांचा दर कमी ठेवण्यासाठी आपल्याकडून घेतल्या जाणाऱ्या जादा दराचा, बोजा कमी करा, ही त्यांची मागणी. शेतीपंपधारकांना त्यांचा दर वाढायला नको होता. दोन्ही बाजू मला पटत होत्या, आणि एकाचा उतरलेला दर दुसऱ्याच्या बिलात चढतो हे तिथे बसल्यावर नीट उमगले.

दर आयोग ठरवतो, पण सवलत राज्य सरकार देते आणि कलम 65 प्रमाणे तिची रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते. त्यामुळे मंत्रालयातही जावे लागले. तिथे पहिला प्रश्न हिशेबाचा नव्हता, तुमच्या मागे किती लोक आहेत, हा होता. शिवाय सवलतीत 27 अश्वशक्तीच्या वीजजोडणीची रेघ आहे, तिच्या अलीकडच्यांना आणि पलीकडच्यांना सवलत वेगळी. त्यामुळे आमच्याबरोबर बसलेले दोन मोठे कारखानदार स्वतंत्र निवेदन घेऊन गेले. मला याचे फार वाईट वाटले.

मागितला तेवढा दर उतरला नाही. पुढच्या याचिकेसाठी मी दर महिन्याला बिले फाइलला लावतो आहे. रेघेपलीकडच्या दोघांचीही त्यात आहेत.