ग्रिअर्सन यांची नाणी आणि अंजनेरीचे ताम्रपट

नाशिक, भाद्रपद, रविवार रात्र

गेले काही आठवडे जेवणानंतरचा सगळा वेळ मी फिलिप ग्रिअर्सन यांच्या लेखनाला दिला आहे. भारतीय भाषांची पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. हे ते नव्हेत. हे केंब्रिजचे इतिहासकार, आणि मध्ययुगीन युरोपच्या नाण्यांचा अभ्यास विसाव्या शतकात ज्या थोड्या लोकांनी शास्त्राच्या पातळीवर नेला त्यांतले अग्रणी. नाशिकमध्ये राहून यादवकालीन आणि त्याआधीच्या नाण्यांकडे पाहणाऱ्या माझ्यासारखीला त्यांचा काय उपयोग, असे मला कोणी विचारले तर उत्तर तयार असावे म्हणून आज हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

ग्रिअर्सन यांचा जन्म १९१० साली डब्लिनचा. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात ते वैद्यकासाठी गेले आणि लवकरच इतिहासाकडे वळले. १९३५ मध्ये त्याच कॉलेजाचे फेलो झाले आणि २००६ च्या जानेवारीत वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत फेलोच राहिले. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्यांची सुरुवात नाण्यांपासून झालेली नाही. त्यांचे आरंभीचे काम कागदपत्रांवरचे होते. गेंट येथील मठात लिहिल्या गेलेल्या वार्षिक नोंदींचे त्यांनी केलेले संपादन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४४ च्या अखेरीस, डब्लिनला वडिलांच्या घरी, जुन्या वस्तूंमध्ये त्यांना फोकस या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाचे तांब्याचे नाणे सापडले. हा सम्राट ६०२ ते ६१० या काळातला. त्या नाण्याची चौकशी करत ते लंडनच्या नाणेविक्रेत्यांकडे गेले आणि तिथून पुढे साठ वर्षे नाणी जमवत राहिले. म्हणजे नाणी हातात आली तेव्हा हा माणूस चौतिशीचा होता आणि दस्तऐवज कसा वाचावा, त्यावर कुठवर विश्वास ठेवावा, याचे शिक्षण त्याने आधीच घेतलेले होते. पुढच्या सगळ्या कामावर या क्रमाचा ठसा आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे पुष्कळ जण आधी संग्राहक होतात आणि मग इतिहासाकडे येतात. ती वाट चुकीची नाही, पण त्या वाटेने येणाऱ्याला नाण्याकडून अपेक्षा फार असतात.

त्यांच्या वर्षाची आखणीही वाचण्यासारखी आहे. सत्र चालू असताना केंब्रिज, सुट्ट्यांमध्ये ब्रसेल्स, जिथे ते १९४८ पासून १९८१ पर्यंत नाणेशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९५५ पासून उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधील डंबर्टन ओक्स ही संस्था, जिच्या बायझंटाइन नाण्यांच्या संग्रहाचे ते सल्लागार होते. संस्थेच्या पैशातून ते तिथे बायझंटाइन नाणी घेत आणि स्वतःच्या पैशातून पश्चिम युरोपची. त्या संग्रहाच्या सूचीचे जाडजूड खंड त्यांनी लिहिले. त्यांतला शेवटचा, १२५८ ते १४५३ या काळाचा, १९९९ मध्ये आला, म्हणजे तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. ते कॉलेजच्या खोल्यांमध्ये साधेपणाने राहिले, आणि मिळकतीचा मोठा भाग नाण्यांवर गेला. मृत्यूसमयी संग्रहात वीस हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सर्व केंब्रिजच्याच फिट्झविल्यम संग्रहालयाला मिळाली. हा संग्रह दुर्मिळ वस्तूंचा नव्हता, प्रातिनिधिक होता. एखाद्या शतकात बाजारात रोज चालणारे नाणे कसे होते, हे विद्यार्थ्याला हातात देऊन दाखवता यावे, असा तो होता.

आता मुख्य विषय. १९५९ मध्ये ग्रिअर्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी युरोपच्या सुरुवातीच्या मध्ययुगातील व्यापाराचे नकाशे काढण्याची रीत अशी होती की एका देशाची नाणी दुसऱ्या देशात जिथे सापडतील तिथवर व्यापाराची रेघ ओढायची. ग्रिअर्सन यांनी विचारले की ही नाणी व्यापाऱ्याच्या थैलीतूनच गेली हे कशावरून? नजराणा, खंडणी, लूट, युद्धकैद्यांच्या सुटकेचा मोबदला, हुंडा, भाडोत्री सैनिकांचा पगार, धर्मसंस्थांना दिलेली दाने, या सगळ्या मार्गांनी नाणी शेकडो कोस जातात, आणि त्या काळात हे मार्ग व्यापाराहून कमी वाहते नव्हते. नाणे आपल्या टांकसाळीपासून दूर सापडले, एवढेच त्या सापडण्यातून सिद्ध होते. पुढचे सर्व काही इतर पुराव्यांनी उभे करावे लागते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दिंडोरी आली. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि परतीच्या वाटेवर बागलाण ओलांडताना वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी मोठी लढाई झाली. सुरतेला मोगलांची टांकसाळ होती. उद्या त्या पट्ट्यातल्या एखाद्या शेतात नांगराच्या फाळाला सुरत टांकसाळीच्या रुपयांचे गाडगे लागले, आणि आपल्याजवळ मराठी बखरी, फारसी तवारिखा, इंग्रज वखारीची पत्रे यांपैकी काहीही उरलेले नसते, तर आपण काय लिहिले असते? सुरत ते नाशिक असा भरभराटीचा व्यापारी मार्ग, असेच लिहिले असते. तो मार्ग होताही, यात शंका नाही. पण त्या गाडग्याने तो सिद्ध झाला नसता. कागदपत्रे आहेत म्हणून आपल्याला निदान तीन-चार शक्यता तरी सुचतात. यादवांच्या आधीच्या शतकांसाठी आपल्याजवळ कागद नाहीत, थोडेसे शिलालेख आणि ताम्रपट आहेत, आणि तरीही त्या काळातली गधैया नावाची चांदीची नाणी कुठे कुठे सापडली यावरून व्यापाराचे नकाशे आपण निःशंकपणे काढत आलो आहोत. माझ्या टिपणवहीतल्या अशा प्रत्येक बाणाखाली आता मी ‘सापडल्याचे ठिकाण’ एवढेच लिहिणार आहे.

जोगळटेंभीचा निधी याच गोष्टीचे आपल्या जिल्ह्यातले सर्वांत जुने उदाहरण आहे, जरी तो मध्ययुगाच्या बराच आधीचा असला तरी. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. ती नाणी राजसत्ता बदलल्याचे सांगतात, आणि ते अगदी स्पष्ट सांगतात. नाणे जे सांगते ते असे ठाम असते. घोटाळा होतो तो आपण त्याला न विचारण्याजोगे विचारतो तेव्हा.

ग्रिअर्सन यांचे दुसरे लेखन, जे मी या आठवड्यात दोनदा वाचले, ते पैशाच्या उगमाविषयीचे आहे. मूळ व्याख्यान १९७० मधले, पुस्तिका १९७७ ची. सर्वसाधारण समज असा की वस्तूंच्या अदलाबदलीत अडचण येऊ लागली म्हणून पैसा निर्माण झाला. त्यांचे म्हणणे वेगळे होते. प्राचीन जर्मन टोळ्यांच्या कायद्यांमध्ये प्रत्येक इजेची भरपाई ठरलेली असे; बोट तुटले तर इतके, दात पडला तर इतके, माणूस मारला गेला तर त्याच्या दर्जाप्रमाणे इतके. सूडाची साखळी थांबावी म्हणून सभेत सर्वांसमक्ष ठरवलेल्या या दरपत्रकांतून निरनिराळ्या गोष्टींचे मोल एकाच मापात मांडण्याची सवय समाजाला लागली, आणि बाजाराने ते माप नंतर उचलले, असा त्यांचा तर्क आहे. अदलाबदलीत दोन वस्तूंची तुलना होते; सगळ्या गोष्टी एका मापाने मोजण्याची गरज न्यायनिवाड्यात आधी पडली.

इथे मला आपल्या अंजनेरीची आठवण होणे अपरिहार्य होते. त्र्यंबक रस्त्यावरच्या त्या गावी हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती राजाचे ताम्रपट मिळाले. ते कलचुरी संवत् ४६१ चे, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमाराचे आहेत, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी राजवंशाच्या लेखांच्या आपल्या १९५५ च्या संपादनात ते घेतले आहेत. त्यांतल्या एका भागात उद्ध्वस्त झालेले समगिरी हे नगर पुन्हा वसवण्याची व्यवस्था आहे. व्यापाऱ्यांना जकातीतून सूट दिली आहे, निपुत्रिकाची मालमत्ता राजाने घ्यायची नाही असे म्हटले आहे, आणि त्याच सोबत अपराधांचे दंड रूपकांमध्ये, म्हणजे चांदीच्या नाण्यांमध्ये, ठरवून दिले आहेत. कुमारिकेवरील अत्याचाराला १०८ रूपक दंड आहे, आणि मारहाणीतल्या इजेला त्याहून बराच कमी. याच ताम्रपटांत कृष्णराजाच्या रूपकांचा नावानिशी उल्लेख येतो.

ही कृष्णराजाची रूपके आपल्या परिसरात नवी नाहीत. बागलाणातल्या देवळाण्याला ती सापडली आहेत, आणि राजस्थानापासून सातारा भागापर्यंत त्यांचा आढळ आहे. चांदीचे, सुमारे दोन ग्रॅमचे, बोटाच्या पेरावर मावेल असे ते नाणे. एका बाजूला राजाचे मुख, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि त्याभोवती ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’ असा ब्राह्मी लेख. पूर्वीचे अभ्यासक ते राष्ट्रकूट कृष्णाचे मानत. अक्षरवळण आणि इतर पुरावे पाहता ते सहाव्या शतकातील कलचुरी कृष्णराजाचे ठरले. म्हणजे राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, त्याचे राज्य चालुक्यांनी घेतले, तरी लोकांच्या तोंडी आणि राजाच्या शासनात त्याच्या नावाचे रूपक चालूच होते.

ताम्रपटांनी ग्रिअर्सन यांचा सिद्धान्त सिद्ध होतो का? होत नाही, आणि तसे लिहिण्याचा मोह मी आवरला पाहिजे. ७१० पर्यंत भारतात नाणी चालू होऊन हजाराहून अधिक वर्षे उलटली होती. उगमाविषयी हे ताम्रपट काही सांगू शकत नाहीत. शिवाय जर्मन कायद्यातली भरपाई इजा झालेल्याला किंवा त्याच्या कुळाला मिळे, आपल्याकडचा दंड हा दंड आहे. पण एक गोष्ट मात्र ते निश्चित दाखवतात. समगिरीच्या रहिवाशाला रूपक केवळ बाजारात भेटत नव्हते. अपराध केल्यास किती रूपके भरावी लागतील हे त्याला ठाऊक होते, आणि ज्याच्याजवळ चांदी कधीच साठली नसेल अशा माणसालाही ती रक्कम तोंडपाठ असणे शक्य होते. नाण्याचे चलन म्हणजे हातोहात फिरणे एवढेच नव्हे, ते असेही असते, हे मला ग्रिअर्सन वाचल्यामुळे या ताम्रपटांत दिसले. हेच ताम्रपट त्याआधी मी अनेकदा वर्गात शिकवले होते, तेव्हा ते दिसले नव्हते.

तिसऱ्या एका वादाविषयी थोडक्यात. साठच्या दशकात मेटकाफ या अभ्यासकाने इंग्लंडमधील आठव्या शतकातल्या ऑफा राजाची चांदीची नाणी लाखोंच्या संख्येने पडली असावीत असा हिशोब मांडला. उरलेल्या नाण्यांवरून ती पाडायचे ठसे किती वापरले गेले ते काढायचे आणि एका ठशातून सरासरी किती नाणी पडतात त्याने गुणायचे. ग्रिअर्सन यांनी विरोध केला, कारण प्रत्येक ठसा झिजेपर्यंत वापरला गेलाच असे नाही. लोक चांदी आणतील तेवढीच नाणी पाडायची, असे टांकसाळीचे काम होते. या वादात दोन्ही बाजूंना पुढे अनुयायी मिळाले. मला ग्रिअर्सन पटतात, परंतु मेटकाफच्या प्रश्नामुळे ठशांची काटेकोर मोजणी सुरू झाली, हेही मान्य केले पाहिजे.

परवा माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, या विषयात पोट भरतं का?” त्याला मी परमेश्वरीलाल गुप्त यांच्याविषयी सांगितले. स्वातंत्र्यचळवळीतून आणि पत्रकारितेतून हा माणूस नाण्यांकडे आला, मुंबईच्या आणि पाटण्याच्या संग्रहालयांत त्याने काम केले, आणि १९८० मध्ये अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली ती त्यांच्यामुळे. २००१ मध्ये ते गेले. केंब्रिजच्या कॉलेजसारखा सात दशकांचा आसरा त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि आपल्याकडे तो कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून त्या मुलाला मी खोटी आशा दाखवली नाही. पदे थोडी आहेत. वस्तुसंग्रहालय, पुरातत्त्व खाते, एखादे महाविद्यालय, बस्स. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक असले तरी नाणी पुष्कळदा आधी आटणीत जातात, आणि ती जाण्यापूर्वी पाहणारा, वजन करणारा, कुठे सापडली ते लिहून घेणारा माणूस जवळपास असावा लागतो. असे काम पदाशिवायही करता येते, आणि ते या जिल्ह्यात फार थोडे जण करत आहेत.

१९८२ मध्ये, सेवानिवृत्तीनंतर, ग्रिअर्सन यांनी मध्ययुगीन युरोपच्या सर्व नाण्यांची खंडवार मांडणी हाती घेतली. पहिला खंड मार्क ब्लॅकबर्न यांच्यासह १९८६ मध्ये निघाला. दुसरा निघाला तो चौदाव्या क्रमांकाचा, दक्षिण इटली आणि सिसिलीचा, लुचिया त्रावाइनी यांच्यासह, १९९८ मध्ये. ते गेले तेव्हा हे दोनच खंड छापून झाले होते. पुढचे इतरांनी काढले आणि अजून काढत आहेत. एका आयुष्यात न मावणारे काम त्यांनी बहात्तराव्या वर्षी सुरू केले आणि सुरू करतानाच ते इतरांच्या हाती देता येईल असे आखले.

त्या मुलाला मी पुढच्या शनिवारी अंजनेरीला बोलावले आहे. तोवर त्याने ब्राह्मीची मुळाक्षरे गिरवून यावीत, असे सांगितले आहे. फारसी पावसाळा संपल्यावर सुरू करू.