उंटाची घरं

विश्वनाथन आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला ते १९८८ साल. मी तेव्हा सातवीत होतो आणि मला घोड्याची धास्ती होती. उंट कुठून येतोय ते निदान दिसतं. घोडा अडीच घरं उडी मारतो आणि एका दमात राजाला शह देऊन हत्तीवरही नेम धरतो. म्हणून समोरच्याचा घोडा जवळ आला, की मी उंट देऊन तो मारून टाकायचो. दोघांची किंमत सारखीच, तीन-तीन प्याद्यांची, मग बिघडलं कुठे?

आंतरशालेय स्पर्धेत हाच हिशेब अंगाशी आला. माझे दोन्ही उंट गेलेले, समोरच्याचा एक शाबूत. प्यादी मारली जात पट मोकळा झाला. माझा घोडा एका बाजूला धावेपर्यंत दुसऱ्या बाजूचं प्यादं वजीर होऊन बसलं. परतताना तलावपाळी येईपर्यंत मी सरांशी एक शब्द बोललो नाही.

सर शिकवायचे चित्रकला. बुद्धिबळ मधल्या सुट्टीत, स्वतःच्या पटावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकाम्या पटाच्या मधोमध उंट ठेवला. "घरं मोज." १३ भरली. घोड्याची ८. कोपऱ्यात नेल्यावर उंटाची ७, घोड्याची फक्त २. मग त्यांनी घोडा कडेला, पटाच्या मधल्या एका ओळीत ठेवला आणि त्याच ओळीत, मधे दोन घरं सोडून, उंट. घोड्याला जायला चार घरं होती आणि चारही उंटाच्या माऱ्यात! ज्याला मी इतका घाबरायचो, तो हलला की मरणार होता. ती मांडणी आजही डोळ्यांसमोर आहे.

"मग घोडा काय कामाचा?" मी विचारलं. सरांनी प्यादी एकमेकांसमोर अडकवून मांडली. उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला. त्याला जन्मभर एकाच रंगाची ३२ घरं. घोडा प्याद्यांवरून उडी मारून गेला, चालीगणिक रंग बदलत. "आधी प्यादी बघ, मग काय द्यायचं ते ठरव," सर म्हणाले.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी मी मुलांना शिकवतो. नवख्यांना मी उंट किंचित महाग धरायला सांगतो, कारण घोड्याच्या भीतीनं तोच आधी जातो. परवा चौथीतल्या एका मुलीनं उंटाकडे नेलेला हात मागे घेतला आणि प्यादी बघत बसली. मला सरांचा पट आठवला.